मारबतीला दिलेलं घर

"जे जिथं हाय ते तिथंच राहू दे, माय. मले सापडत नाही मंग."

द्वारकाबाईनं सुनेला हे सांगितलं, तेव्हा गावाबाहेरच्या पळसबनावर श्रावणाचं ओलं, जड, हिरवं ऊन उतरलं होतं. सून मृणाली ओठांच्या एका कोपऱ्यानं हसली. म्हाताऱ्या माणसांचा सोस, ती मनात म्हणाली, आणि ओढणीवरची धूळ झटकावी तसं ते वाक्य तिनं झटकून टाकलं.

आता श्रावण सरत आला होता. कपाशीच्या काळ्या रानावर मेघांचं गजदळ ठाण मांडून बसलं होतं. भिंतींना घाम फुटत होता. आणि घर? घर वस्तूंनी गच्च, वस्तूंनी गुदमरलेलं, वस्तूंच्या वेढ्यात अडकलेलं.

आतल्या खोलीच्या दारापाशी चिरफाळलेला रांजण. पुढं रिकामी कणगी, जिच्यात ज्वारी पडल्याला युग लोटलं. मग गंजकी पेटी, मग सासऱ्यांची लंगडी तिपाई, मग तुटक्या दांड्याचं जातं. ओळीनं उभे जणू सासूचे पहारेकरी, मूक, मळकट, वैरी.

वैर तर होतंच. ते चुलीवरच्या वाफेत होतं, दोरीवर वाळणाऱ्या लुगड्यात होतं, ताटातल्या मिठात होतं. लेक अन्वी सहा महिन्यांची झाली आणि त्या वैराला धार आली. नवरा नितेश दूरच्या कारखान्यात, आठवड्यानं उगवणारा पाहुणा. उरल्या दोघी, एकाच छपराखालची दोन आभाळं, दोन्ही गडगडणारी.

मृणाली सगळं बघायची. आई झाल्यापासून तिचे डोळे पापणी विसरले होते. तिनं पाहिलं, सासू नातीच्या तोंडाकडे बघत नाही, टाळूचा नुसता वास घेते. लेकरू खुदकन हसतं आणि म्हातारीचा चेहरा दगडासारखा कोरडा राहतो. येता-जाता ती कणगीला हात लावते, पेटीला हात लावते, तिपाईला हात लावते, कृपणानं मोहरा चाचपाव्या तशी.

"सोन्याची आहे का ती कणगी?" एकदा तिच्या तोंडून निघालंच.

"तुह्या बापानं नाही देल्ली," द्वारकाबाई म्हणाली. "कॉलेजात हेच शिकवतेत का व, दुसऱ्याच्या घरातलं मोजणं?"

मग एके सकाळी रांजणाच्या बुडाशी विंचू निघाला. काळाभोर, नांगी उगारलेला, अन्वीच्या चटईपासून वीतभर अंतरावर. मृणालीनं तो चपलेनं ठेचला, पुन्हा ठेचला, मेल्यावरही ठेचत राहिली. त्या घटकेला रांजणाचा निवाडा झाला. कणगीचा झाला. पेटीचा झाला. सगळ्यांचा झाला.

पोळा आला. बैलांच्या शिंगांना बेगड लागली, पाठींवर झुली चढल्या, दारोदारी पळसाच्या फांद्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना त्या फांद्या उचलायच्या, घरातलं मोडकंतोडकं त्यांच्याबरोबर शिवेपलीकडं फेकायचं, आणि पीडा वाहून नेणाऱ्या मारबतीला हाका घालून रोगराई, इडापीडा हाकलायची, ही त्या गावाची रीत.

घर शेवटच्या गल्लीतलं. शीव हाकेच्या अंतरावर. शेजारच्या बेबीकाकूंची हातगाडी दारात लागली.

"घेऊन जा गे मारबत!" गल्ली गर्जली.

रांजण गेला. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" कणगी गेली. पेटी गेली, तिपाई गेली, जातं गेलं. केशरी उजेडात पळसाची पानं काळी दिसत होती, आणि मृणालीचा आवाज साऱ्या गावाच्या वर चढत होता. काय काय हाकलत होती ती! विंचू हाकलत होती, टोमणे हाकलत होती, आणि मनाच्या तळाच्या ओलीत, जिथं कुणी बघत नाही तिथं, सासूचं लुगडंही हाकलत होती.

काकूंनी गाडी शिवेकडं ढकलली. मृणाली दारातून वळली. घर केवढं झालं होतं! रितं, रुंद, पाण्यासारखं नितळ. मधोमध चटईवर अन्वी, कमळाच्या कळीसारखी झोपलेली.

आतल्या खोलीच्या दारात द्वारकाबाई आली. कोलाहलानं जागी झालेली. तिनं सवयीनं हात पुढं केला, कणगीच्या काठाकडं.

हात हवेत गेला.

तो हात हवेत थांबला, बोटं उघडली, बोटं मिटली. तिनं एक पाऊल टाकलं, पेटीसाठी वाकली. पेटी नव्हती. पुढचं पाऊल उचललं, आणि त्या पावलाखाली चटई होती, चटईवर कळी होती.

"पोरगी आहे खाली!" मृणाली किंचाळली.

म्हातारी एका पायावर थिजली. उचललेलं पाऊल खाली आलं नाही.

"कोण्या हाताले?" ती म्हणाली. "सांग नं व. कोण्या हाताले हाय, डाव्या का उजव्या?"

मृणालीनं झेप घेऊन लेकरू उचललं. तेव्हाच तिनं सासूचे डोळे पाहिले, पहिल्यांदा पाहिले. त्यात सकाळ उतरलेली नव्हती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तुह्या लग्नाच्या आधीपासून दिसणं उतरत होतं. पोट्टी झाली तवा सरलं."

"मग सांगायचं ना!" ती रागानं ओरडली. "घरात लहान लेकरू आहे!"

"सांगतलं असतं, तं पोट्टी देल्ली असती काय माह्या हातात?"

हो म्हणणं सोपं होतं. दया सोपी असते. पण छातीशी धरलेल्या त्या उष्ण, कोवळ्या, धडधडत्या देहानं तिला खोटं बोलू दिलं नाही.

"नाही," मृणाली म्हणाली.

"म्हणूनच," द्वारकाबाई म्हणाली, आणि जिथं होती तिथंच जमिनीवर बसली.

मृणाली लेकराला कडेवर घेऊन शिवेकडं धावली. काकू रिकामी गाडी घेऊन परतत होत्या; तिनं दांडा धरून गाडी पुन्हा शिवेकडं वळवली.

"अवं बाई, मारबतीले देल्लेलं परत आणते काय कोणी?" त्यांनी कपाळाला हात लावला. "इडापीडा गाडीत बसून येईन तुह्या घरी!"

"येऊ द्या," मृणाली म्हणाली. "जागा आहे."

रांजण तिनं शिवेवरच सोडला. त्याच्या फटीत विंचवाचं बिऱ्हाड होतं. जातंही सोडलं. कणगी आणली, पेटी आणली, तिपाई आणली. झटकून, झाडून, उन्हात पालथी करून आत नेली. बायका दारादारांतून तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"दोन बोटं इकडं," जमिनीवरून हुकूम आला.

"इकडं म्हणजे कुठं?"

"तुह्या आवाजाकडं. तेवढंही समजत नाही का?"

मृणालीनं दात आवळून पेटी दोन बोटं सरकवली. कुणी कुणाची क्षमा मागितली नाही. लेकरू तिनं सासूच्या ओटीत घातलं, पण आपला हात त्याच्या पाठीखालून काढला नाही. दोन हात एकमेकांवर, एकमेकांना न मानणारे.

ऊन वर चढलं, आणि मोकळ्या भिंतीवर तिला एक रेघ दिसली. चालताना तळहात टेकेल त्या उंचीवर, तेलकट, काळसर, वर्षांनी घोटलेली. सासूच्या खाटेपासून निघालेली, कणगीच्या जागी तुटलेली, पेटीच्या जागी तुटलेली, मोरीला न वळता थेट पाळण्याच्या कोपऱ्यात गेलेली. तिथं रेघेचा डाग झाला होता, पंजाएवढा, गडद. तिथं कुणीतरी फार वेळा, फार वेळ उभं राहिलं होतं, नुसता श्वास ऐकत.

तुम्ही, ज्या हे वाचता आहात, तुमच्याही घरी अशी कुणी म्हातारी असेल, चुलत्याच्या घरी असेल, शेजारी असेल. उठा, जाऊन या. दिसतं का म्हणून विचारू नका. ती हो म्हणेल, ती रागावेल, ती तुमचा बाप काढेल. नुसत्या दारात उभ्या राहा. बांगडी वाजू देऊ नका, पाऊल वाजू देऊ नका. आणि बघा, तिचा चेहरा तुमच्याकडे वळतो, की तुमच्या खांद्यावरून, तुम्हाला ओलांडून, नुसत्या उन्हाकडे.