थंड नळी

"बाइके, चहा आणलाय. साखर तुम्हाला लागते तेवढी," जिबेक म्हणाली. थोरल्या भावाला म्हणावं तसं 'बाइके' ऐकून सापारबेकने मनात म्हटलं, सुरू झाली हिची गोडीगुलाबी.

जिबेक ही शहरातून आलेली इंजिनिअर. रुग्णालय चालू ठेवूनच अंगणात नवी इमारत बांधायची होती, आणि जमिनीखालून काय कुठून जातं ते कागदावर कुठेच नव्हतं. तळघरात युद्धकाळासाठी आसरा होता, म्हणून सोव्हिएत काळातच नकाशांवर 'गुप्त' असा शिक्का बसला. ते एकदा सरकारी कपाटात गेले ते गेलेच. उरला एकतीस वर्षं इथेच राबलेला पाइप मिस्त्री, सापारबेक.

"गरम पाण्याचा पाइप कुठून जातो, एवढं तरी दाखवा ना."

"आठवत नाही बाई. वय झालं."

"काल तर चौदा नातवंडांची नावं एका दमात सांगितलीत!"

"ती जमिनीच्या वर असतात."

ताकास तूर लागू द्यायची नाही, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. शेजारच्या जिल्ह्यात त्याच्या मेव्हण्याने असंच सगळं भोळेपणाने दाखवलं आणि महिन्याभरात घरी बसला. इथेही कमी करायच्या माणसांची यादी या पोरीच्याच फाइलीत आहे, असं स्वयंपाकघरातल्या बायका सांगत होत्या.

त्या रात्री बर्फ पडला.

सकाळी बघतो तर काय, सगळं अंगण पांढरं आणि बॉयलरपासून वॉर्डापर्यंत एक काळा ओला पट्टा! त्यावर मांजरं ओळीने झोपलेली. जिबेक गच्चीवरून फोटो काढत होती.

"बाइके, आता नाही विचारत तुम्हाला! बर्फानेच सांगितलं!"

मेला बर्फ! एकतीस वर्षं पोटात ठेवलेलं एका रात्रीत चव्हाट्यावर आलं. सापारबेकला रडूच यायचं बाकी होतं.

जिबेकने काळ्या पट्ट्यावर लाल झेंडे रोवले आणि पोकलेनवाल्याला खणायला पलीकडची जागा दाखवली, पॉपलरच्या झाडापाशी. तिथे बर्फ जसाच्या तसा होता. त्याच बर्फाखालून नवजात बाळांच्या वॉर्डाला ऑक्सिजनची नळी जात होती. त्यानेच ती घाईघाईत टाकली होती, कागद न करता. ती नळी थंड, तिच्यावरचा बर्फ कसला वितळतोय! आज काचेच्या पेटीत चार बाळं आहेत, एक तर पावाएवढं, असं बुरुल नर्सने सकाळीच सांगितलं होतं.

हिला माहीत असेल, त्याला वाटलं. मला बोलतं करायचा डाव असेल. पोकलेनचा हात वर गेला. जिबेक निवांत हातमोजे चढवत होती. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

"थांबव! अरे थांबव, गाढवा!" सापारबेक धावत सुटला.

यंत्र बंद झालं. जिबेक घाबरून जवळ आली.

"यादीत माझं नाव आहे का? खरं सांग," तो धापा टाकत म्हणाला.

"यादी मी केलेली नाही, बाइके. पण आहे."

"हं. निदान खोटं तरी बोलली नाहीस." त्याने टोपी कानांवर ओढली. "झेंडे घे. माझ्या मागून ये."

ऑक्सिजनच्या खोलीपासून तो पाय घासत निघाला. पॉपलरपाशी वळला. "इथे जोड आहे, हातानेच खणायचं. यंत्र लावलंत तर याद राखा." वॉर्डाच्या खिडकीखाली तो थांबला. आतून बुरुलने सहज हात हलवला, त्यानेही हलवला.

मागे जिबेक त्याच्या एकेका पावलात झेंडा रोवत येत होती. बर्फ पुन्हा पडू लागला. दुपारपर्यंत पावलं बुजली, झेंडे तेवढे राहिले.