अंगणातली पहिली सावली

बदलापुरात हरिचंद्राच्या अंगणात ऊन असं पडे, की दुपारी कावळासुद्धा चपला घालून उतरे. खोटं वाटत असेल तर कावळ्याला विचारा. तिथं एक मोठं झाड हवं, यावर घरात एकमत होतं. कोणतं, यावर नव्हतं.

हरिचंद्राला पिंपळ हवा होता. बुद्धपौर्णिमेला येणारेजाणारे थांबून हात जोडतील, हे त्याच्या मनात. कारखान्यातला त्याचा जोडीदार बाळाजी शिरीषाचा कैवारी. पिंपळ भिंती फोडतो, शिरीष थंडीत पानं गाळून ऊन देतो, असं त्याचं म्हणणं. त्यावर हरिचंद्र शिरीषाच्या खुळखुळणाऱ्या शेंगांचं गाऱ्हाणं काढी. दर रविवारी, ऊन उतरल्यावर, दोघं खुर्च्या टाकून बसत. वादाला फांद्या फुटल्या, पारंब्या सुटल्या. सावली तेवढी पडेना.

भर दुपारी त्या अंगणात बसे ती हरिचंद्राची बायको, कौसाबाई. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्सचे गठ्ठे येत, त्यांचे लोंबते धागे ती कातरीनं कापी. घरात पत्र्याखाली भट्टी, आणि गडद कापडावरचा धागा उजेडाशिवाय दिसत नाही.

एकदा चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "बदाम लावा की. लवकर वाढतो. मला बसायला होईल."

"आणि ती सुपाएवढाली पानं गळतील, ती कोण झाडणार?" हरिचंद्र हसला.

"आत्तापर्यंत कोण झाडतंय?"

बाळाजीही हसला. गाडी पुन्हा पिंपळावर आली.

त्याच वर्षी वैशाखात एका दुपारी कौसाबाई गठ्ठ्यावरच कलंडली. शेजारच्या सुंदराबाईनं तोंडावर पाणी मारलं, रिक्षा आणली. उपयोग झाला नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी अंगणात मांडव घातला. माणसं त्याखाली टेकली. हरिचंद्र कौसाबाईच्या जागेवर बसून होता. सुंदराबाई जवळ आली.

"भावजी, इथं पहिल्यांदा सावली पडली."

"झाड ठरतच नव्हतं, सुंदराबाई."

"तुमचं ठरत नव्हतं. तिचं ठरलं होतं. तुम्ही संध्याकाळचे बसणारे, तुम्हाला कुठलंही झाड चाललं असतं. ऊन तिच्या डोक्यावर होतं, तर विचारायचं कुणाला?"

 उत्तर कौसाबाईनं कधीच देऊन ठेवलं होतं.

मांडव निघाला, बांबूंचे खड्डे राहिले. तिच्या जागेजवळचा खड्डा त्यानं हातानं मोठा केला आणि बदामाचं रोप लावलं. बदाम खरंच लवकर वाढला. त्याची लाल पानं गळतात तेव्हा हरिचंद्र सकाळी स्वतः झाडतो. दुपारी सुंदराबाई तिथं गठ्ठा घेऊन बसते, कौसाबाईची जागा सोडून.

मंडळी, ऊन ज्याच्या डोक्यावर, झाड त्याच्या पसंतीचं. घरात विचारा, आणि माणूस असताना विचारा.

हरिचंद्राच्या अंगणात कावळे आता अनवाणी उतरतात. पाहायला ती मात्र नाही.