कुरणाची शर्यत

धुळाला पळायला म्याच लावलं. म्हंजे जे झालं त्याचं पाप माझंच, हे आधीच सांगून टाकते.

त्या साली पाऊस न्हायच. होटगीच्या भवतालचा माळ करपला, मेंढरं एकमेकींची लोकर चावायला लागली. हिरवं उरलं व्हतं फकस्त बिरोबाचं कुरण, आन् ते एकाच कळपाला पुरणार. पंचांनी ठरवलं, देवाच्या टेकाडावर पळत जायचं, वरची घंटा वाजवायची, त्याच खड्या वाटंनं खाली येऊन पायथ्याच्या पायरीला शिवायचं. जो आधी शिवंल त्याच्या मेंढरांना कुरण. कळप दोनच उरले व्हते, बिरप्पाचा आन् आमचा.

माझा नवरा गुंडा खोकल्यानं अंथरुणाला खिळलेला. राहिला धाकटा दीर धुळा. धा वर्सं सोलापुरात कापडाच्या गिरणीत मागासमोर हुबा राहिलेला, पळणं म्हाईत न्हाय.

"वैनी, मला जमंल का गं?"

"न जमायला काय झालं? पाय हायत न्हवं? का ते बी गिरणीत ठेवून आलास?"

पहिला महिना सपाटीवर, रुळाच्या कडंनं पळवला. मग तीन आठवडे टेकाड. पहिल्या दिशी अर्ध्यातच ओकला. म्या सांगितलं, पावलं बारकी टाक, वर बघू नगंस. जमाया लागलं तसं खांद्यावर कोकरू दिलं. मी मेंढरं घिऊन मागनं चढायची आन् वरडायची. पंधराव्या दिशी त्यानं कोकरासकट, न थांबता घंटा वाजवली. लई बरं वाटलं बघा. मग रोजच्यागत मेंढरं घिऊन दोघं मागल्या पसरट उतारानं सावकाश खाली आलो. खड्या उतारानं गाभण मेंढी गाभ टाकती, म्हणून आमच्यात तिकडनं कुणी उतरत न्हाय.

शर्यतीच्या दिशी धुळा असा चढला म्हंता! बिरप्पा निम्म्यात व्हता तवा आमची घंटा वाजली. मी हसत व्हते का रडत, मलाच ठावं न्हाय.

धुळा वळला. चार ढांगा टाकल्या आन् मांड्या लटालटा कापायला लागल्या. गुडघा दुमडला, पडला, उठला, परत पडला. घंटा वाजवून बिरप्पा त्याच्या शेजारनं निघून गेला.

"ऊठ की रं मुडद्या! गिरणीच्या पायाचा मेला!" समद्यांदेखत मी वरडले.

धुळा शेवटी बसून घसरत खाली आला. तवर बिरप्पा पायरीवर बसून पाणी पीत व्हता.

सांजंला मेंढरं घिऊन टेकाडावर गेले. घंटेपाशी ती आपसूक मागल्या उताराला वळली, आन् मी खड्या वाटंच्या तोंडाशी जाऊन खाली वाकून बघितलं. तीन आठवड्यांत खड्या वाटंनं खाली म्या धुळाला एकदा बी पळवलं न्हवतं. एकदा बी न्हाय!

घरी तो गुडघ्याला हळद लावत व्हता.

"धुळा, तुझं न्हाय, माझं चुकलं रं."

"ठावं हाय. वर वळलो तवाच कळलं." मान वर न करता म्हनला, "मी मेंढरू न्हवतो की गं, वैनी."

दुसऱ्या दिशी कळप सोलापूरच्या कसायाकडं न्ह्यायला निघालो. धुळाला उतरताना पाय टाकवत न्हवता. वाटंत उतार लागंल तितं मी त्याचा हात धरला. मेंढरं मात्र बिनघोर पुढं चालली व्हती.