कपाटाच्या मुठीवरचं ऊन

पडद्यांच्या कारखान्यात मोठ्याबाईंनी कात्री उचलली की कुणी मोठ्यानं खोकायचंसुद्धा नाही, असा शिरस्ता होता. तिसरीतून शाळा सुटली ती सुटलीच, पण वीस हात कापड टेबलावर पसरलं की ते कुठे तिरकं जातंय, कुठे उन्हानं रंग उडालाय, हे त्या उभ्या उभ्या सांगत. शिकलेल्या पोरी टेप घेऊन यायच्या, मोजायच्या आणि गुपचूप आपल्या मशीनवर जाऊन बसायच्या.

मधले आठ महिने मात्र त्यांनी कात्रीला हात लावला नव्हता. नवऱ्याची फुप्फुसं थकली होती. त्याच्या खुर्चीशेजारी ऑक्सिजनचं मशीन येऊन बसलं, आणि दिवसभर त्याच्या नाकात नळी. मशीन विजेवर चालायचं. वीज गेली तर कोपऱ्यात सिलिंडर उभा होता. त्याची चावी फिरवायची आणि मशीनची नळी काढून त्याला जोडायची. एवढंसं काम, पण ते दुसऱ्या कुणीतरीच करायला हवं. नळीशिवाय चार पावलं टाकली तरी म्हाताऱ्याचे ओठ निळे पडत. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, खुर्चीत शांत बसून राहिले तर तासभर निभेल, त्यापुढचं मी काही बोलत नाही.

म्हणून घरात पाळ्या लागल्या. सकाळी सून, दुपारभर मोठ्याबाई, संध्याकाळी थोरला. धाकटी लेक दुसऱ्या गावात, ती सुट्टीच्या दिवशी येऊन सगळ्यांना मोकळं करायची. पाळी चुकवली तर मोठ्याबाईंच्या तोंडून सुटका नव्हती, त्यामुळे कुणी चुकवत नव्हतं.

मग थोरल्यानं कॅमेरा आणला. लिंबाएवढा, खुर्चीसमोरच्या भिंतीवर चिकटवलेला. आता कुठूनही बाबा दिसणार. पहिला आठवडा सगळे दर तासाला उघडून बघत, त्यातूनच बोलत, पाणी प्यायलात का म्हणून विचारत. म्हातारा वैतागला. म्हणाला, मला जांभई द्यायचीही चोरी झालीय. दुसऱ्या आठवड्यात बोलणं थांबलं, तिसऱ्यात उघडून बघणंही. थोरल्यानं प्रत्येकाच्या फोनच्या पहिल्याच पानावर खोलीचं बारकंसं चित्र लावून दिलं होतं. वेळ बघायला फोन उचलला की बाबा खुर्चीत दिसायचे. दिसले की झालं. म्हाताऱ्यानं नाक खाजवलं तरी फोन किणकिणायचा, म्हणून एकेकानं ती किणकिण बंद करून टाकली.

पाळ्या कधी मोडल्या हे मात्र कुणालाच कळलं नाही. कुणी तसं ठरवलंच नव्हतं. सुनेला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली. थोरल्याच्या मीटिंगा लांबायला लागल्या. आणि एके दिवशी मालकाचा निरोप आला की नव्या कापणाऱ्यानं मखमलीचे तीन तागे वाया घालवलेत, मोठ्याबाई येतील का? निरोप पुरा व्हायच्या आत मोठ्याबाई हो म्हणून बसल्या. माझ्यावाचून अडलंय म्हटल्यावर त्यांना राहवत नसे.

"जा की," म्हातारा म्हणाला होता. "हातात कात्री नसली की तू आमच्यावर जीभ चालवतेस. मला कोण उचलून नेतंय?"

त्या दिवशी टेबलावर एका मोठ्या हॉटेलचं राखाडी कापड होतं. मोठ्याबाईंनी सकाळपासून तीनदा फोनकडे नजर टाकली होती. तिन्ही वेळा सगळं ठीक. म्हातारा खुर्चीत, मान जराशी डावीकडे कललेली, गुडघ्यांवर पांघरूण, नाकात नळी. शेजारी काजं करणारी बाई वाकून बघत म्हणाली, "काका झोपलेत वाटतं, मावशी."

"झोपू दे. जागे असले की मलाच फोन करून विचारतात, रिमोट कुठे ठेवलास."

काजवाली हसली. मोठ्याबाईंनी खडू उचलला, कापडावर पहिली रेघ मारली आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. डोळ्यांनी काहीतरी टिपलं होतं, पण काय ते अजून डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांनी पुन्हा फोन उचलला.

त्या खोलीचे पडदे त्यांनी स्वतः शिवले होते. दोन पाखं, आणि मध्ये मुद्दाम वीतभर फट. त्या फटीतून सकाळी उन्हाचा पट्टा आत यायचा. आधी कपाटाच्या माथ्यावर, पावणेअकराच्या सुमारास कपाटाच्या पितळी मुठीवर, मग घसरत घसरत खुर्चीच्या हातावर, आणि साडेअकराला म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर. तो ऊन आलं की दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून बसायचा, शेकायला. आठ महिने त्या पट्ट्याकडे बघत मोठ्याबाईंनी दुपारची वाट पाहिली होती. त्यांना त्या खोलीत घड्याळ लागत नसे.

चित्रात मूठ चकाकत होती.

त्यांनी मान वर केली. कारखान्यातल्या घड्याळात पावणेबारा झाले होते. खिडकीबाहेर लख्ख ऊन, ढगाचं नाव नाही. त्यांनी पदरानं नाही, हाताच्या पालथ्या बाजूनं फोनची काच घासली, जणू डाग होता. मूठ तशीच चकाकत राहिली.

आधी त्यांनी म्हाताऱ्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग थोरल्याला लावला. त्यानं कापला. त्यांनी परत लावला, आणि परत, तेव्हा तो दबक्या आवाजात बोलला.

"आई, मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"बाबा फोन उचलत नाहीत."

"झोपलेत ते. माझ्यासमोर दिसतायत."

"ऊन कुठे पडलंय?"

"काय?"

"तुझ्या फोनात ऊन कुठे पडलंय ते बघ."

"आई, इथे दहा माणसं बसलीत आणि मी ऊन काय बघू? झोपू दे त्यांना. मी थोड्या वेळानं करतो." आणि फोन बंद.

सुनेचा फोन दुकानाच्या खणात असायचा, कामाच्या वेळेत उचलायची परवानगी नव्हती. धाकटीनं उचलला. तिनं आईला धीर दिला, की माझ्याकडेही बाबा छान दिसतायत, अगदी निवांत, तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मोठ्याबाईंनी तिला विचारलं, कपाटाची मूठ चमकतेय का? लेक म्हणाली, हो, चमकतेय की, स्वच्छ दिसतंय सगळं. तेव्हा मोठ्याबाईंना उमगलं. तीन ठिकाणी तीन माणसं एकच फोटो बघत होती, आणि एकाच्या भरवशावर दुसरा निवांत होता. कॅमेऱ्यानं शेवटचा पाठवलेला, तासाभरापूर्वीचा फोटो.

त्यांनी कात्री उघडीच कापडावर टाकली. कारखान्यात असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. काजवालीला त्यांनी घराचा पत्ता सांगितला आणि म्हणाल्या की रुग्णवाहिकेला फोन लाव, ऑक्सिजनवरचा पेशंट आहे म्हण, चौथा मजला म्हण.

काजवाली घुटमळली. "पण मावशी, काका तर दिसतायत ना?"

"फोनमध्ये दिसतायत. खुर्चीत आहेत का, ते मला ठाऊक नाही. लाव."

खाली माल भरायला टेम्पो लागलेला होता. टेम्पोवाल्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं. वाटेत मोठ्याबाई मनात हिशेब मांडत होत्या. मूठ म्हणजे पावणेअकरा. आत्ता बारा वाजायला आले. म्हणजे तास उलटून गेला होता, आणि डॉक्टर तासापुढचं बोलले नव्हते. कदाचित नुसता कॅमेराच बिघडला असेल. हो, तसंच असेल. मशीन चालू असेल आणि म्हातारा घोरत पडला असेल, आणि मी दारात उभी राहिले की म्हणेल, आलीस का नोकरी सोडून? त्यांना वाटलं, म्हणू दे. आयुष्यभर टोमणे मारू दे.

घराकडे वळायच्या चौकात सिग्नल बंद होता. हिरवा नाही, लाल नाही, काहीच नाही. गाड्या एकमेकींच्या अंगावर येऊन अडकल्या होत्या. टेम्पो थांबला. दोन्ही बाजूंचे दुकानदार बाहेर पायरीवर येऊन उभे होते, आत अंधार.

मोठ्याबाईंनी काच खाली केली. "वीज कधी गेली हो?"

"झाला असेल की तास," एक दुकानदार हातातल्या पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाला. "जास्तच."

त्या तिथेच उतरल्या. टेम्पोवाला मागून हाका मारत होता, पण त्या गाड्यांच्या मधून वाट काढत निघाल्याही होत्या. त्यांच्या गुडघ्यांना वर्षभर जिने चढायची मनाई होती. इमारतीतल्या लिफ्टचं दार उघडं पडलं होतं, आत काळोख. त्यांनी कठडा धरला. पहिल्या मजल्यावर त्यांनी पोराला शिव्या घातल्या, दुसऱ्यावर सुनेला. तिसऱ्यावर श्वास पुरेना, तेव्हा मनात फक्त मखमलीचे ते तीन तागे उरले, ज्यांच्यासाठी त्या घरातून उठून गेल्या होत्या. वीज गेली की ते मशीन किंचाळायचं. वरून काहीच ऐकू येत नव्हतं. किंचाळून किंचाळून त्याचीही ताकद संपली होती.

किल्ली कुलपात जाईना. शेवटी डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी दार उघडलं.

म्हातारा खुर्चीत नव्हता.

तो कोपऱ्यात होता, जमिनीवर, सिलिंडरला पाठ टेकून. तिथवर कसा पोचला देव जाणे. एक हात चावीवर होता, ती फिरवायचं बळ मात्र उरलं नव्हतं. चेहरा मातीच्या रंगाचा, ओठ जांभळे. छाती हलतेय की नाही हे बघत बसायला मोठ्याबाई थांबल्या नाहीत. त्याची बोटं सोडवून त्यांनी चावी धरली. घट्ट. दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून ती पिळली, आणि हवा सुसाट फुसफुसली. मशीनची नळी उपसून सिलिंडरला खोचली, दुसरं टोक त्याच्या नाकात दिलं, आणि मग गालावर चापट मारली. हळू नाही, चांगली.

"अहो. श्वास घ्या. इकडे बघा. घ्या म्हणते ना."

काही नाही. गुडघ्यांवर ऊन घ्यायचा तो माणूस थंड फरशीवर होता, आणि ऊन रिकाम्या खुर्चीच्या आसनावर पडलं होतं. त्यांनी त्याला छातीशी धरून ताठ बसवला. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्या स्वतः मोठमोठे श्वास घेऊ लागल्या, मुलाला जेवायला शिकवताना आई आपलंच तोंड उघडते तसे. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांच्या तळव्याखाली पाठ हलली. एकदा. बऱ्याच वेळानं आणखी एकदा. मग लागोपाठ.

त्यानं डोळे उघडले. बोलायला जीभ वळत नव्हती, तरी पुटपुटला, "घट्ट... होती."

"मीच घट्ट केली होती," मोठ्याबाई म्हणाल्या. "गळायला नको म्हणून. बोलू नका आता."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. थोरला होता. मीटिंग सुटली असावी, आवाज मोकळा होता.

"आई, मी आत्ता परत बघितलं. बाबा मस्त झोपलेत, कूससुद्धा बदलली नाही. तू उगाच घाबरवतेस सगळ्यांना. धाकटीचाही फोन आला होता मला."

मोठ्याबाईंनी भिंतीकडे पाहिलं. कॅमेऱ्यातला हिरवा ठिपका विझलेला होता. त्या उठल्या नाहीत, नवऱ्याची पाठ सोडली नाही, फक्त मान वर करून त्या काचेच्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

"मी दिसते का रे तुला?"

"तू? तू कारखान्यात आहेस ना?"

"मी तुझ्या बापाला मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेय. सिलिंडरपाशी. सव्वा तास वीज नाही घरात. नीट बघ, दिसतो का कुणी खुर्चीत?"

पलीकडे मागे कुणीतरी हसत होतं, खुर्च्या सरकत होत्या. मग पोराचा श्वास ऐकू आला, तुटक तुटक. लहानपणी काही फोडलं की असाच घ्यायचा.

म्हाताऱ्यानं बायकोची बाही ओढली. डोळ्यांनीच विनवलं, आणि मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "रागावू... नकोस त्याच्यावर."

"रागवायला तो इथे तरी हवा," मोठ्याबाई म्हणाल्या. मग फोनमध्ये, त्याच सुरात, "निघ. आत्ता निघ. रस्त्यात फोनकडे बघू नकोस."

जिन्यावर पावलांचा आवाज आला, दोन माणसांचा, काहीतरी जड घेऊन चढणाऱ्यांचा. मोठ्याबाईंनी फोन फरशीवर उपडा ठेवला आणि दार उघडंच आहे म्हणून हाक दिली.