उजव्या बाजूची घोडी

मला घोड्यावर बसायचं आहे, असं मी जेवताना सांगितलं तेव्हा मुलाचा घास हातातच राहिला. सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने भिंतीकडे पाहिलं, आणि मग दोघांनी मिळून माझ्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. त्या गुडघ्यात आता माझं स्वतःचं म्हणावं असं फार काही उरलेलं नाही. एकतीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होते. चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडता फाडता तो झिजला, निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी काढून धातूचा बसवला, आणि तेव्हापासून घरातले सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपतात. जपतात ते प्रेमानेच, पण अंघोळीला गेले तरी दाराबाहेर कुणीतरी खाकरत उभं असतं, त्याचा वीट येतो.

लहानपणी मामाकडे गाडीला जुंपायचे दोन घोडे होते. खोगीर न घालताच मी त्यांच्यावर बसून त्यांना नदीवर पाणी पाजायला न्यायची. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, घोडे राहून गेले. ऑपरेशननंतर मात्र पडायची भीती मनात ठाण मांडून बसली. चार पायऱ्या दिसल्या की तोंडाला कोरड पडायची. ज्या बाईने ब्रेक लागल्यावर कधी दांडीसुद्धा धरली नाही, ती आता फरशी ओली आहे का ते बघून पाऊल टाकायची. एकदा घोड्यावर नीट बसता आलं तर ही भीती जाईल, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, शांत आणि शिकवलेला घोडा असेल तर हरकत नाही. मुलाने डॉक्टर बदलायचं सुचवलं.

शेवटी सूनबाईच मला घेऊन गेली. "तुम्ही गुपचूप बसने जाल, आई. त्यापेक्षा मी नेते," ती म्हणाली. ती मला पुरती ओळखून आहे.

शहराच्या कडेला एक तबेला आहे. मालकांनी टाकून दिलेले, म्हातारे, उपाशी ठेवलेले घोडे तिथे आणतात, त्यांना खाऊपिऊ घालून उभं करतात, आणि जे कामाचे ठरतील त्यांच्यावर लोकांना बसायला शिकवतात. तो चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणतात. सत्तरीचे, काटकुळे, आणि कौतुक करायची वेळ आली की हटकून घसा साफ करणारे.

"घोडा निवडताना रंग बघू नका, ताई. उंचीही बघू नका," मास्तर म्हणाले. "माणूस चढत असताना तो जागचा हलतो का, एवढं बघा. तिथे जो हलला त्याचा पुढे भरवसा नाही."

त्यांनी माझ्यासाठी एक पांढराशुभ्र घोडा काढला. त्याचं नाव साहेब. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे त्याच्यावर शिकतात. मास्तरांनी त्याला लाकडी पायरीशी आणून उभं केलं तर तो पुतळ्यासारखा उभा राहिला. मी पायरीवर चढले, डावा पाय रिकिबीत घातला, आणि उजवा पाय पलीकडे टाकायला म्हणून सगळं वजन डाव्या गुडघ्यावर घेतलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी पायरी उचलून पलीकडे ठेवायला लावली. म्हटलं, चांगला पाय आधी घालते, उजवीकडून चढते. बिचाऱ्या साहेबाला त्या बाजूने आजवर कुणी आलेलं माहीतच नव्हतं. तो दचकून दोन पावलं सरकला आणि मी खोगिराला लोंबकळले. सूनबाईने मागून मिठी मारून धरलं नसतं तर माझी हाडं गोळा करावी लागली असती.

मास्तरांनी साहेबाचा लगाम हातात गुंडाळला. "माफ करा, ताई. घोड्यावर डावीकडून चढतात. घोड्याला तसंच शिकवतात, माणसालाही तसंच. ज्याला ते जमत नाही त्याला मी घेत नाही. उद्या पडलात तर मी तुमच्या मुलाला काय तोंड दाखवू?"

साहेब उत्तम शिकवलेला होता, यात वाद नाही. माझ्यासाठी शिकवलेला नव्हता, एवढंच. मी काठी घेतली आणि कुंपणाजवळच्या बाकावर जाऊन बसले. रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, मास्तरांचा कमी, गुडघ्याचा जास्त.

कुंपणाच्या आत एक तपकिरी घोडी चरत होती. पाठ थोडी खाली झुकलेली, डोळ्यांवर पांढरे केस, आणि सगळ्या जगाचं वागणं चुकतं आहे असा चेहरा. तबेल्यात तिला आत्याबाई म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी ती एका बंद पडलेल्या गोदामाच्या मागे बांधलेली सापडली होती, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. आधी कुणाकडे होती, काय करत होती, कुणालाच ठाऊक नाही.

"धरून चालवली की चाल चांगली आहे, आवाजाला बिचकत नाही, लगामाला हलकी आहे," मागून आलेले मास्तर म्हणाले. त्यांना माझी समजूत काढायची असावी. "पण चढू देत नाही. पाय रिकिबीत घालायला गेलं की फिरते. तीनदा खोगीर घातलं आणि तीनदा उतरवलं. आता नुसती चरते."

"मला दाखवा," मी म्हटलं.

"काय दाखवू?"

"कशी फिरते ते."

मास्तरांनी सूनबाईकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. आमच्या घरात हा हावभाव माझ्या बाबतीत नेहमीच करावा लागतो. कुरकुरत त्यांनी आत्याबाईवर खोगीर चढवलं आणि डावीकडून तिच्याजवळ गेले. ती फिरली. पुन्हा गेले, ती पुन्हा फिरली.

"बघितलंत? अडेलतट्टू आहे," ते म्हणाले.

आता, चुकवणारा माणूस मला पन्नास पावलांवरून ओळखू येतो. तिकीट न काढलेला प्रवासी खिडकीबाहेर बघतो, पाठ करतो, झोपेचं सोंग घेतो. ही यातलं काहीच करत नव्हती. कान मागे नव्हते, शेपटीचा फटकारा नव्हता. मास्तर जवळ आले की ती शांतपणे वळायची आणि दरवेळी एकाच ठिकाणी थांबायची, उजवी कूस बरोबर त्यांच्यासमोर येईल अशी. मग वाट बघत उभी. पाहुण्याच्या हाताशी कपाचा कान वळवून द्यावा, तशी ती उजवी बाजू पुढे करत होती. आणि मास्तर दरवेळी वळसा घालून परत डावीकडे जात होते.

"मास्तर, ती नाही म्हणत नाहीये," मी म्हटलं. "ती सांगतेय, इकडून चढा."

"असं कुठे असतं का?"

"तुम्ही कधी उजवीकडून गेलात?"

त्यांनी तिच्या उजव्या बाजूकडे नीट पाहिलं. पण पायरी काही आणेनात. माझ्या जिवाची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि साहेबाचा प्रकार नुकताच झाला होता. मी आता काय बोलावं याचा विचार करत होते, एवढ्यात सूनबाईच पुढे झाली. "तुम्ही तोंडाशी धरा, मी आईंच्या मागे उभी राहते. ती एक पाऊल जरी हलली तरी आम्ही घरी जातो." आणि तिने स्वतः पायरी उचलून आत्याबाईच्या उजवीकडे ठेवली.

मी पायरीवर चढले. तोंडाला तीच ती कोरड पडली होती. उजवा पाय रिकिबीत घातला, चांगल्या गुडघ्यावर वजन घेतलं, आणि डावा पाय सरळच्या सरळ उचलून पलीकडे न्यायला लागले. त्याला वेळ लागला. मध्येच तो तिच्या पाठीवर आपटला. आत्याबाई हलली नाही. मी अर्ध्यात श्वास घ्यायला थांबले, तरी ती हलली नाही. मी खोगिरात बसल्यावर तिने एक लांब श्वास सोडला आणि कान माझ्याकडे वळवले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे आपोआप येत नाही. अधू डाव्या पायाच्या कुणीतरी, महिनोन् महिने, हिला उजवीकडून चढू द्यायला आणि अर्ध्यात थांबलं तरी धीर धरायला शिकवलं होतं. तो माणूस कोण, त्याचं पुढे काय झालं, हे मला कधीच कळणार नाही. पण त्याने घेतलेले कष्ट इथे माझ्या उपयोगी पडत होते. मी घोड्यावर बसून ढसाढसा रडले.

"आई, दुखतंय का?" सूनबाईने घाबरून विचारलं.

"नाही गं. जरा मागे हो, तिला चालू दे."

आम्ही तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत मास्तर लगाम धरून होते, दुसरीत नुसते बाजूने चालत होते, तिसऱ्या फेरीत ते मध्यभागी उभे होते आणि मी एकटी होते. एका वळणावर मी डावीकडे कलले, तर आत्याबाई आपणहून थांबली. मी सावरून बसले, मग ती चालू लागली. इतक्या उंचावर होते तरी मला खाली बघावंसं वाटलं नाही.

मी उतरल्यावर मास्तरांनी घसा साफ केला. "बावन्न वर्षं घोड्यांत गेली माझी," ते म्हणाले. "आठ महिने ती मला सांगत होती आणि मी तिला अडेलतट्टू म्हणत होतो." एवढं बोलून ते आत्याबाईचं खोगीर सोडायला लागले, पण मध्येच थांबले. "दोन वर्षांपासून एकजण मला दर महिन्याला फोन करतो. सुतार आहे. अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मी दरवेळी सांगतो, तुमच्याजोगा घोडा आमच्याकडे नाही."

त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं फोनवरचं बोलणं सगळ्या तबेल्याला ऐकू जातं.

"मी तबेल्यातून बोलतोय," मास्तर म्हणाले. "घोडा नाही मिळाला. पण एक घोडी आहे. म्हातारी आहे, आठवड्यातून दोनच दिवस काम करील. ती उजवीकडून चढू देते."

मास्तरांनी फोन कानापासून दूर धरून तो बंद पडला की काय ते बघितलं. मग त्यातून हळूच आवाज आला, "कधी येऊ?"

दोन दिवसांतला सोमवार माझा, तो सोडून कुठलाही वार द्या, असं मी मास्तरांना मोठ्याने सांगितलं.