जबाबाखालची रेघ

मी एक जुना रूळ आहे. आगगाडीचा नव्हे, मित्रांनो. तो आमच्यातली बडी असामी. मी कचेरीतला, वहीवर रेघा आखायचा रूळ. हातभर लांब, गोल, काळ्या शिसवी लाकडाचा, आणि पोटात शिशाची कांडी, म्हणून दिसतो त्यापेक्षा बराच जड. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलंही नसेल. सध्या मी एका सरकारी दप्तरखान्यात, लाखेचं सील मारलेल्या कापडी पिशवीत पडून आहे. पिशवीला एक चिठ्ठी बांधली आहे आणि चिठ्ठीवर माझ्या नावापुढे ‘हत्यार’ असं लिहिलं आहे. त्याचा मला राग येतो. पण ते खोटं आहे असं म्हणायची सोय नाही, आणि ती का नाही तेच तुम्हाला सांगायचं आहे.

लाकूड कातणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. तो तयार झालेला प्रत्येक रूळ काचेवर घरंगळत सोडायचा. जरा जरी डुगडुगला, तर गुडघ्यावर मोडून चुलीत. आम्ही पंधरा भाऊ एका दिवशी जन्मलो, त्यातले चार संध्याकाळपर्यंत जळून गेले. त्यामुळे सरळपणाचा ताठा माझ्या अंगात पहिल्या दिवसापासून आहे. दुसऱ्याचं वाकडं मला लगेच दिसतं, स्वतःचं जरा उशिरा.

पहिली वीस वर्षं मी एका हेडक्लार्ककडे काढली. तो माझ्यावरून पेन असं फिरवायचा की पाहुणे आलेले साहेबसुद्धा वही उलटसुलट करून रेघा बघत आणि माझी तारीफ करत. तोच हेडक्लार्क कागद उशिरा आणणाऱ्या शिपायाला हात पुढे करायला लावायचा आणि माझ्या टोकाने पेरांवर मारायचा. एकाची तीन नखं काळी पडून गळाली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट नुसतं पडून राहण्यापेक्षा ते बरं वाटायचं. मला साळसूद म्हणवून घ्यायचं असतं, तर हे तुमच्यापासून लपवलं असतं.

मग कचेरीत कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली. सुकलेलं शाईचं पॅड, किल्ली हरवलेलं कुलूप आणि मी. नऊ वर्षं कुणी विचारलं नाही. दहाव्या वर्षी तो खण चौकशीवाल्या बाईंच्या वाट्याला आला.

चौकशी अधिकारी म्हणजे काय, ते आधी सांगतो. सरकारी खात्यात एका नोकराने दुसऱ्याला मारलं, छळलं, धमकावलं, की तक्रार बाईंकडे यायची. त्या पोलीस नव्हेत आणि न्यायाधीशही नव्हेत. मारणारा त्यांच्याच खात्यातला आणि मार खाणाराही त्याच खात्यातला, म्हणून दोन्हीकडचे लोक त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. बाई अंगाने किरकोळ होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पिशवीत कोरे कागद, शाईचं पॅड आणि मी. ज्या कचेरीत भानगड झाली असेल तिथे जायचं, एक खोली मागून घ्यायची आणि एकेकाला आत बोलवायचं.

त्या खोल्यांमध्ये मी जे ऐकलं, ते ऐकून माझं शिसं थंड पडायचं. एका अधिकाऱ्याने ड्रायव्हरच्या बरगड्या गाडीच्या जॅकच्या दांड्याने मोडल्या होत्या. एका अभियंत्याने हाताखालच्या माणसाचे दात पाइपाने पाडले होते, आणि तो माणूस ते दात पुरावा म्हणून औषधाच्या डबीत घालून घेऊन आला होता. बाईंनी ते मोजले, आकडा लिहिला आणि डबी बंद करून परत दिली. हेडक्लार्कचा शिपाई मला आठवला तो त्या दिवशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बाईंची एक रीत होती. जबाब त्या स्वतःच्या हाताने लिहायच्या, साक्षीदाराला वाचून दाखवायच्या आणि शेवटच्या ओळीच्या अगदी खाली मला ठेवून एक रेघ ओढायच्या. सही रेघेला लागून. मधे एक अक्षरही घुसवता येऊ नये म्हणून. साक्षीदार घाबरलेला असला तरी ती रेघ बघून त्याचे खांदे जरा खाली यायचे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मी आजही मानतो.

मग ते धुलाईघराचं प्रकरण आलं. एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या तळघरात चादरी, गाऊन, पडदे धुवायचे. बारा माणसं आणि त्यांच्यावर एक मुकादम. हा मुकादम ओली चादर पिळून, टोकाला गाठ मारून माणसाला मारायचा. ओल्या कापडाचा वळ लवकर उठत नाही हे त्याला अनुभवाने माहीत होतं. एक दिवस इस्त्रीच्या यंत्रावरच्या कामगाराने उलट उत्तर दिलं, तर मुकादमाने त्याची मान धरली आणि त्याचा तळहात तापलेल्या रोलरवर दाबून ठेवला. कामगाराच्या तळहाताची कातडी सोलून निघाली. त्याने तक्रार केली. मुकादमाने लिहून दिलं की याचा स्वतःचाच पाय घसरला.

बाकीच्या अकरा जणांना बाईंनी एकेक करून विचारलं. दहा जण म्हणाले, आमचं लक्ष नव्हतं. यंत्रांचा आवाज इतका असतो, वाफ इतकी असते. अकरावी होती ती चादरी घडी करणारी मावशी. सगळं धुलाईघर तिला मावशीच म्हणायचं. ती खुर्चीत बसलीच नाही.

“मी पाहिलं,” ती म्हणाली. “मान धरली आणि हात लावला. पाच आकडे मोजून होतील इतका वेळ. रोलरवरची ती चादर नंतर मीच घडी केली. तिला वास येत होता.”

जबाब पुरा झाल्यावर तिने एकच विचारलं. माझं नाव त्याला कळणार नाही ना? मला याच नोकरीवर म्हातारपण काढायचं आहे, घरी लेक आहे, ती आजारी असते. बाईंनी तिला नियम सांगितला. आरोपीला जबाबांच्या प्रती द्याव्याच लागतात, पण सुनावणीपर्यंत नावं झाकून. बाई म्हणाल्या, नाव मी स्वतः झाकणार. मग त्यांनी रेघ ओढली आणि मावशीने रेघेखाली अंगठा उठवला. तिला लिहिता येत नव्हतं.

बाईंनी शब्द पाळला. मला धरून कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आखल्या, कापल्या आणि जिथे जिथे नाव होतं तिथे तिथे चिकटवल्या. बारा जबाब, एकूण एकेचाळीस पट्ट्या. दोनदा तपासलं. मीही तपासलं म्हणा ना. पट्ट्या सगळ्या सरळ होत्या, मी खूश होतो. प्रती निघाल्या आणि मुकादमाकडे गेल्या.

तीन दिवसांनी बाई मला घेऊन त्याच इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर गेल्या. मावशी खाटेवर होती. डावा हात मनगटापर्यंत बांधलेला आणि पट्टीचा आकार चुकीचा दिसत होता. तिने सांगितलं ते बाईंनी लिहून घेतलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी मुकादम घडीच्या टेबलापाशी आला. तिचं मनगट धरून तिला वाफेच्या खोलीपर्यंत ओढत नेलं, तिचा अंगठा लोखंडी दाराच्या चौकटीत ठेवला आणि दार लावलं. मग दार उघडलं, तिने हात काढायच्या आत तो पुन्हा आत दाबला आणि पुन्हा लावलं. दहा जण आपापल्या यंत्रावर होते. डॉक्टरांनी अंगठा मुळापासून काढला. मुकादमाने लिहून दिलं की दार वाऱ्याने आपटलं, आणि दहा जणांनी त्याखाली सह्या केल्या. तळघरात वारा कुठून आला, हे कुणी विचारलं नाही.

बाईंना काही केल्या कळेना की त्याला नाव कळलं कसं. त्यांनी पिशवीतून ती प्रत काढली आणि बघत राहिल्या. नावाच्या जागी पट्टी होती. खाली, रेघेला लागून, काळा कुळकुळीत अंगठा. धुलाईघराच्या हजेरीपटावर बाकी सगळ्यांच्या सह्या असायच्या. अंगठा उठवणारी बारा जणांत एकटी मावशी होती.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “मी नाव झाकलं. अंगठा झाकायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मावशीने छताकडे बघत उत्तर दिलं. “तुम्हाला वाचता येतं म्हणून तुम्हाला नाव दिसलं, बाई. आमचं नाव तेच.”

तिने माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. मुकादमाला कामावरून दूर ठेवा असा कागद त्यांनी त्याच दिवशी वर पाठवला. तो वरच राहिला. सुनावणी लागली तेव्हा मुकादम अजून धुलाईघरातच होता, आणि चौकशी फसली तर तो तिथेच राहणार होता, मावशीच्या टेबलापासून दहा पावलांवर.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलाच्या एका बाजूला बाई आणि त्यांचा लेखनिक, दुसऱ्या बाजूला मुकादम आणि त्याच्यातर्फे बोलायला आलेला एक निवृत्त बाबू. दार अर्धवट उघडं, बाहेर बाकावर इस्त्रीवाला आणि ते दहा जण. बाबू हुशार होता. तो म्हणाला, नियमाप्रमाणे साक्षीदाराने सुनावणीत पुन्हा निशाणी करायची असते आणि ती पहिलीशी ताडून बघायची असते. पहिली निशाणी डाव्या अंगठ्याची आहे. तो अंगठा आता नाही. तेव्हा हा जबाब बाद करावा. मुकादम खाली बघून हसला.

नियम खरा होता. बाईंनी नियमांचं पुस्तक उघडून तो पुन्हा वाचला. मी त्यांच्यासमोर पडलो होतो आणि मला लाज वाटत होती, कारण असल्या काटेकोर गोष्टींचा मला जन्मभर गर्व होता.

मावशी उठली. टेबलापाशी आली आणि उजवा हात पालथा करून बाईंच्या कागदांवर ठेवला.

“हा घ्या,” ती म्हणाली. “हा नवा आहे, तर नवा जबाब लिहा. दोन्ही वेळचं सांगते. हाही गेला तर आठ बोटं उरतात. तेवढ्यांदा सांगेन.”

मित्रांनो, मला हाताची पकड लगेच कळते. आखायला उचलणारा मला मधोमध धरतो. मारायला उचलणारा टोकाला धरतो. मुकादमाने मला टोकाला धरलं. मी त्याच्या डोक्यावरून वर गेलो आणि त्या पालथ्या हाताच्या रोखाने खाली आलो. मला थांबायचं होतं. रुळाला थांबता येत नाही. मधेच त्या हातावर दुसरा हात येऊन पडला, शाईचे डाग असलेला, किरकोळ. तो बाईंचा होता. हाडं मोडली तो आवाज मी बाहेरून नाही, माझ्या आतून ऐकला. मुकादमाने मला पुन्हा उचललं आणि पुन्हा त्याच जागी आणलं. बाईंनी हात काढला नाही. तिसऱ्या वेळी मी टेबलाच्या कडेवर आपटलो आणि उभा चिरलो. रक्त माझ्या चिरेत शिरलं, ते अजून आत आहे.

या वेळी वाफ नव्हती आणि यंत्रंही चालू नव्हती. आधी इस्त्रीवाला आत धावला, आपल्या सोललेल्या हाताने त्याने मुकादमाचा दंड पकडला आणि वेदनेने किंकाळी फुटली ती इस्त्रीवाल्याचीच. मग बाकावरचे सहा जण आत आले. त्यांनी मुकादमाला भिंतीवर आपटलं, खाली पाडलं, आणि एक जण त्याला लाथा मारायला लागला तो थांबेना. बाईंनीच त्याला थांबायला सांगितलं. चार जण शेवटपर्यंत दारातच उभे राहिले.

बाई आता स्वतःच साक्षीदार झाल्या, म्हणून चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. हा प्लास्टिकची पट्टी वापरणारा तरुण गृहस्थ. मावशीचा नवा जबाब आणि त्या सहा जणांचे जबाब त्याने घेतले, रोलरचे, दाराचे आणि खोलीतल्या मारहाणीचे. शेवटी बाईंचा घेतला. मी सीलच्या पिशवीत जायच्या आधी टेबलावरच होतो. बाईंचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. अधिकारी म्हणाला, सही हात बरा झाल्यावर केली तरी चालेल, घाई नाही. बाईंनी शाईचं पॅड मागितलं.

“तुम्हाला तर लिहिता येतं,” तो म्हणाला.

“आज येत नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी डावा अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. मग म्हणाल्या, “आणि प्रती काढाल तेव्हा याच्यावरही पट्टी लावा. सगळ्यांच्या निशाण्यांवर लावा.”

मुकादमाची नोकरी गेली आणि तो तुरुंगातही गेला. मावशीचा पहिला जबाब मात्र नियमाप्रमाणे बादच झाला. बाईंची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. मला चिठ्ठी लागली.

मित्रांनो, मोडकी वस्तू उपदेश करायला लागली की कंटाळा येतो, मला माहीत आहे. म्हणून एकच मागतो. उद्या तुमच्यापैकी कुणी खुर्चीत बसेल आणि कुणीतरी भरवशाने तुमच्या हाती आपलं गुपित देईल. ते झाकायची वेळ आली की कागद स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा तपासून थांबू नका. तिसऱ्यांदा तो गुपित देणाऱ्याच्या वैऱ्याच्या डोळ्यांनी बघा. बाई चांगल्या होत्या, कष्टाळू होत्या, आणि तेवढंच त्यांच्या हातून राहिलं. मावशी अजून तळघरात चादरी घडी करते. चादरीचा कोपरा पकडायला अंगठा लागतो. ती कोपरा दातांत धरते.