नणंदेचं "आता!"

नणंद-भावजय एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, आणि भांडण होतं बाहेरच्या खोलीचं. भावजय कपड्यांची दुरुस्ती करायची; तिचं शिलाई मशीन बाथरूमच्या दाराशी, अंधाऱ्या बोळात. उजेडाची खोली नणंदेच्या टीव्हीनं आणि तिच्या राक्षसांच्या गेमनं अडवलेली. काळ्या दोऱ्यानं काळी पँट शिवताना भावजयीचे डोळे जात चालले होते, पण ह्याचं कुणाला काय! नवरा म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा," आणि पेपरात तोंड खुपसून बसला.

शेवटी नणंदच म्हणाली, "गेममध्ये मला हरव, खोली तुझी. वर शिकवतेही मीच, जा."

"मागाहून शब्द फिरवणार नाही ना, ताई?"

"तुझ्यासाठी शब्द मोडू? हवेत राहू नकोस."

शिकवणी सुरू झाली. पुलावर कुऱ्हाड घेतलेला राक्षस उभा. घाव अगदी अंगाशी आला की बटण दाबून ढालीनं तो झटकायचा. राक्षस लडखडतो, मग तलवार घालायची. तो क्षण ओळखणं हीच सगळी विद्या. नणंद शेजारी बसून ओरडायची, "आता!" भावजय बटण दाबायची, ढाल वर जाऊन खाली यायची, आणि मग सावकाश कुऱ्हाड पडायची.

"हात आहेत की लाकडं?" नणंद दात काढायची. "तू बाई पँटीच शिव."

आपले हातच मठ्ठ, असं भावजयीनं मनाशी धरलं होतं.

एकदा नणंद अंघोळीला गेली आणि खेळ चालूच राहिला. ओरडायला कुणी नव्हतं. भावजयीनं कुऱ्हाड खाली येऊ दिली, आणखी येऊ दिली, मग बटण दाबलं. राक्षस लडखडला. त्याला आडवा करता करता तिच्या डोक्यात उजेड पडला. सटवी मुद्दाम लवकर ओरडत होती! शिकवण्याच्या नावाखाली केसानं गळा कापत होती.

पण तिनं ते कळू दिलं नाही. नणंदेसमोर गेममध्ये मुकाट मरत राहिली, टोमणे गिळत राहिली. पण नणंद स्वतः खेळायला बसली की ही कान टवकारायची. जिभेला सवयच लागली होती, घाव घालण्याआधी नणंद पुटपुटायचीच, "आता." आणि हे "आता" खरं असायचं.

सामन्याला नवराही पेपर घेऊन बसला, करमणूक म्हणून. दोघींचे योद्धे समोरासमोर आले.

"आता," नणंद पुटपुटली.

भावजयीची ढाल वर. नणंदेचा योद्धा लडखडला, ह्या बाजूनं घाव बसला. पुन्हा "आता", पुन्हा ढाल. नणंदेला काही उमजेना. ती चिडून आणखी मोठ्यानं म्हणू लागली, आणि भावजयीचं काम आणखी सोपं झालं. योद्धा गुडघ्यावर आला तरी भावजयीनं त्याला सोडलं नाही.

नणंदेनं कंट्रोलर गादीवर आपटला. "ही चीटिंग आहे! कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच, ताई."

नवऱ्यानं पेपर खाली केला. "शब्द तूच दिला होतास," तो बहिणीला म्हणाला, आणि पुन्हा पेपरात शिरला.

नणंद धुसफुसत बोळात आली आणि तिनं मशीनची एक बाजू धरली. मशीन जुनं, बिडाच्या पायांचं. भावजयीनं दुसऱ्या बाजूला हात लावला आणि म्हणाली, "आता!"

नणंदेनं जोर लावून उचललं. भावजयीनं अजून उचललंच नव्हतं.